व्हेरो पेशींत इंटरफेरॉन का सापडला नाही, आणि एरवीही तो इतका जपून का बनतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी व्हेरो पेशींना पॉली आय-सी दिले, म्हणजे विषाणूच्या दुपदरी आरएनएची प्रयोगशाळेतली नक्कल. सहा आणि चोवीस तासांनी आरएनए काढून इंटरफेरॉन-बीटासाठी, म्हणजे विषाणू आल्याची हाक शेजारच्या पेशींना देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकासाठी, आरटी-पीसीआर लावली. दोन्ही वेळा ‘अनडिटरमाइन्ड’, म्हणजे काहीच सापडले नाही. गाइड म्हणतात ट्रान्सफेक्शन, म्हणजे ते पेशीच्या आत पोचवणे, नीट झाले नसणार. पण जनुके चालू करणारा एनएफ-कप्पा-बी तर केंद्रकात गेलेला स्पष्ट दिसतो. मग जनुक चालू का झाले नाही? पोटप्रश्न असा की कप्पा-बी जिवाणू, जखम, अतिनील किरण अशा कशानेही जागा होतो, मग दर वेळी इंटरफेरॉन का बनत नाही? आलेला पाहुणा विषाणूच आहे हे पेशीला कळते कसे?

ट्रान्सफेक्शन बहुधा ठीकच झाले आहे. व्हेरो पेशींत इंटरफेरॉन-बीटाचे जनुकच नाही. जे जनुक नाही त्याचा आरएनए सहा तासांनी काय आणि चोवीस तासांनी काय, येणार कुठून?

वाईट वाटून घेऊ नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही याच खड्ड्यात पडले होते. प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोनदा नव्याने मागवले, आरएनए काढायची किट बदलली, अख्खा महिना घालवला. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सीनियरने फ्लास्कवरचे नाव वाचले आणि तो हसतच सुटला. तुमच्या गाइडनी जे म्हटले तेच मलाही सांगितले गेले होते.

या पेशींची गोष्ट थोडी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. १९६२ साली जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा यांनी आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या वाढवल्या. एस्परांतो भाषेत ‘हिरवे मूत्रपिंड’ याला जे शब्द आहेत, त्यांची टोके जोडून ‘व्हेरो’ हे नाव झाले. १९६८ मध्येच लक्षात आले होते की या पेशी विषाणू आला तरी इंटरफेरॉन सोडत नाहीत. नेमके कारण कळायला त्यांचा जीनोम वाचला जाईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत थांबावे लागले. बाराव्या गुणसूत्राचा सुमारे नव्वद लाख अक्षरांचा तुकडा गळालेला होता, तोही दोन्ही प्रतींतून, आणि पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची जनुके (बीटा त्यांतलाच) नेमकी त्याच तुकड्यावर होती. विषाणूशास्त्रज्ञांना या पेशी एवढ्या आवडतात त्या यामुळेच. आत हाकाटी देणारा कोणी नसल्याने विषाणू निवांत वाढतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२० मध्ये नवा कोरोनाविषाणू वेगळा केला तो व्हेरोच्याच एका वाणात. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वाढवला गेला तोही व्हेरोत. कुत्रा चावल्यावर जे इंजेक्शन देतात त्याच्या खोक्यावर अनेकदा ‘व्हेरो सेल’ असे छापलेले असते, तेही हेच.

आता तुमच्या प्लेटकडे वळू. कप्पा-बी केंद्रकात गेला, याचा अर्थ तुमच्या व्हेरो पेशींना पॉली आय-सी दिसले. ओळखणारी यंत्रणा शाबूत आहे आणि निरोप पोचवणारी तारही. फक्त तारेच्या टोकाचा भोंगा कोणीतरी काढून नेला आहे. व्हेरोत इंटरफेरॉन-बीटाच्या प्रमोटरला (जनुक चालू करणाऱ्या पट्ट्याला) ल्युसिफरेज हे उजेड पाडणारे एन्झाइम जोडलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे कडे, घातला तर तो छान उजळतो. जनुक बाहेरून आणून दिले की यंत्रणा ते चालू करते. हे तुम्ही स्वतः करून पाहा, व्हायव्हात दाखवायला यापेक्षा चांगले काही नाही.

पहिला खरा प्रश्न ओळखीचा. विषाणूच्या आरएनएत तीच चार अक्षरे असतात जी आपल्या आरएनएत असतात. फरक दिसतो तो टोकाला. कोणताही आरएनए बनायला लागतो तेव्हा त्याच्या पहिल्या अक्षरावर तीन फॉस्फेट असतात. आपल्या संदेशवाहक आरएनएचे हे टोक केंद्रकातच झाकले जाते. त्यावर टोपी बसते आणि टोपीलगतच्या अक्षरांवर मिथाइलची खूण उमटते. मगच तो बाहेर पेशीद्रवात येतो. इन्फ्लुएंझासारख्या अनेक विषाणूंचा आरएनए मात्र तीन फॉस्फेट उघडे ठेवून पेशीद्रवात येतो, आणि त्याची दोन टोके एकमेकांशी जुळून छोटा दुपदरी देठ तयार होतो. उघडे तीन फॉस्फेट आणि शेजारी दुपदरी देठ, ही जोडी निरोगी पेशीद्रवात सहसा नसते. ती पकडते रिग-आय नावाचे प्रथिन. जपानमध्ये फुजिता यांच्या गटाने ते २००४ मध्ये दाखवले आणि फॉस्फेटची भानगड २००६ मध्ये इतर गटांनी उलगडली.

ही गोष्ट कळायच्या आधी बऱ्याच प्रयोगशाळांनी तिची किंमत मोजली होती. टी-सेव्हन पॉलिमरेज या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमने बाकावर बनवलेले छोटे आरएनए पेशीत घातले की इंटरफेरॉन उसळायचा आणि लोक ते आपल्या आवडत्या जनुकाचा परिणाम म्हणून छापायला निघायचे. उसळी यायची ती टी-सेव्हनने मागे ठेवलेल्या तीन फॉस्फेटमुळे. तुमच्या लॅबमध्ये कोणी असे आरएनए वापरत असेल तर त्यांना फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम) लावलेला कंट्रोल ठेवायला सांगा.

पॉली आय-सी लांब असेल तर ते मुख्यत्वे रिग-आयचे भावंड एमडीए-५ पकडते, तोकडे असेल तर रिग-आयही पकडते. आणखी एक बारकावा, जो प्रोटोकॉलमध्ये कोणी नीट लिहीत नाही: पॉली आय-सी नुसते मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषकद्रवात, टाकले तर ते पेशीने गिळलेल्या पिशवीतच अडकते आणि तिथल्या टीएलआर-३ या ओळखणाऱ्या प्रथिनाला भेटते. रिग-आय आणि एमडीए-५ पेशीद्रवात बसलेली असतात, त्यांच्यापर्यंत ते न्यायचे तर लिपिडात गुंडाळूनच न्यावे लागते. ‘पॉली आय-सी दिले’ या एका वाक्यात दोन वेगळे प्रयोग लपलेले असतात. डीएनए विषाणूंसाठी तिसरी वाट आहे. पेशीद्रवात डीएनए सापडला की सी-गॅस नावाचे एन्झाइम एक छोटा वर्तुळाकार निरोप बनवते आणि तो स्टिंग या प्रथिनाला जाऊन बिलगतो. सी-गॅस शोधणाऱ्या झिजियान चेन यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला तो याचसाठी. डीएनएने केंद्रकात राहायचे असते, पेशीद्रवात नाही. म्हणजे इथे वस्तूपेक्षा ती सापडली कुठे, याला महत्त्व आहे.

रिग-आयने आरएनए पकडला की त्याचे मिटलेले हात उघडतात आणि मायटोकाँड्रियाच्या पृष्ठभागावरच्या मॅव्ह्स या प्रथिनाला लागतात. हे प्रथिन २००५ मध्ये चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधले आणि चार नावे दिली, त्यामुळे जुने पेपर वाचताना डोके फिरते. मॅव्ह्सचे वागणे विलक्षण आहे. एका रेणूने आकार बदलला की तो शेजाऱ्याला बदलायला लावतो, तो पुढच्याला, आणि पाहता पाहता मायटोकाँड्रियावर तंतू उभे राहतात. विरजण लावल्यासारखेच. एकदा लागले की अर्धवट राहत नाही. थोड्या परक्या आरएनएचा मोठा आवाज होतो तो इथे.

आणि तुमच्या पोटप्रश्नाचे पहिले उत्तरही इथेच आहे. मॅव्ह्सपासून दोन वाटा फुटतात. एक कप्पा-बीकडे जाते, दुसरी आयआरएफ-३ या जनुके चालू करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाकडे. आयआरएफ-३ एरवी पेशीद्रवात निष्क्रिय पडून असतो. टीबीके-१ नावाच्या कायनेजने (फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमने) त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवले की दोन आयआरएफ-३ जोडी जमवतात आणि केंद्रकात जातात. आता गंमत पाहा. टीबीके-१ काही फक्त विषाणूने जागा होत नाही. इंटरल्यूकिन-१ सारख्या दाहाच्या निरोपानेही तो जागा होतो. तरीही त्या वेळी आयआरएफ-३ हलत नाही. असे का, हे बरीच वर्षे कोडे होते. २०१५ मध्ये चेन यांच्याच गटाने दाखवले की मॅव्ह्स, स्टिंग आणि टीएलआर-३ च्या वाटेवरचे ट्रिफ, या तिघांच्या अंगावर एकसारखा छोटा पट्टा आहे. टीबीके-१ आधी त्या पट्ट्यावर फॉस्फेट लावतो, मग त्यावर आयआरएफ-३ येऊन बसतो, आणि बसल्यावरच टीबीके-१ त्याला हात लावतो. इंटरल्यूकिनच्या वाटेवर असे बसायला आसनच नाही. कायनेज जागा झाला तरी आयआरएफ-३ त्याच्या हाताशी येत नाही.

दुसरे उत्तर जनुकापाशी आहे. आधी एक स्पष्ट करते. या टप्प्यापर्यंत नवे प्रथिन एकही बनवावे लागत नाही. कप्पा-बी, आयआरएफ-३, आणि त्यांच्यासारखेच जनुकावर बसणारे एटीएफ-२ आणि सी-जून, सगळे आधीपासून पेशीत असतात. त्यामुळेच प्रथिन बनणे बंद पाडणारे सायक्लोहेक्सिमाइड टाकले तरी इंटरफेरॉन-बीटाचा आरएनए बनतो.

इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकाआधी सुमारे ५५ अक्षरांचा एक पट्टा आहे. हार्वर्डमध्ये टॉम मॅनियाटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याची बरीच वर्षे या ५५ अक्षरांवर घालवली, आणि मला वाटते ती सत्कारणी लागली. या पट्ट्यावर एटीएफ-२ आणि सी-जून यांची जोडी बसते, आयआरएफ बसतात आणि कप्पा-बी बसतो. जागा एकमेकांना इतक्या खेटून की कधी एकाचे शेवटचे अक्षर ते दुसऱ्याचे पहिले. या सबंध जमावाला ‘एन्हान्सोसोम’ म्हणतात. एकटा कप्पा-बी आला तर जनुक जवळपास गप्पच राहते. त्याची पकड तिथे फारशी घट्ट नसते. सगळे एकत्र आले तरच पट्ट्यावर टिकतात, आणि सीबीपी नावाच्या मोठ्या सहकारी प्रथिनाला धरून ठेवू शकतात. पुढचे काम सीबीपीच करून घेते. दाहाचा निरोप देणाऱ्या इंटरल्यूकिन-८ चे जनुक मात्र कप्पा-बीच्या हाकेला लगेच ओ देते. तुमच्या व्हेरो पेशींत इंटरल्यूकिन-८ मोजलात तर तो वर गेलेला दिसायला हरकत नाही. प्रायमर मात्र माकडाच्या क्रमाशी ताडून घ्या.

१९९५ मधला एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढते. डीएनए गोल जिन्यासारखा पिळलेला असतो, साधारण दहा अक्षरांत एक पूर्ण वेढा. थॅनॉस आणि मॅनियाटिस यांनी या पट्ट्यातल्या दोन बैठकींमध्ये सहा अक्षरे जास्तीची घुसवली. बैठकी दोन्ही शाबूत, अंतर जरासे वाढले, पण जिना अर्धा वेढा फिरल्याने एकजण पुढच्या बाजूला आणि दुसरा मागच्या बाजूला गेला. विषाणूला जनुक प्रतिसाद देईना. मग सहाऐवजी दहा अक्षरे घुसवली. अंतर आणखी वाढले, पण वेढा पूर्ण झाला, दोघे पुन्हा एकाच बाजूला आले, आणि जनुक पुन्हा जागे झाले. म्हणजे जवळिकीपेक्षा समोरासमोर असणे महत्त्वाचे. मुले यावर नेहमी विचारतात, म्हणजे ही प्रथिने एकमेकांचे हात घट्ट धरतात का? २००७ मध्ये पूर्ण जमावाची स्फटिकरचना जुळवली गेली तेव्हा दिसले की शेजाऱ्यांचा एकमेकांना थेट स्पर्श फारच थोडा आहे. एक बसला की डीएनएची वळणे थोडी बदलतात आणि दुसऱ्याला बसणे सोपे जाते, शिवाय वरून सीबीपी सगळ्यांना एकत्र बांधते. पंगतीत मांडीला मांडी लावून बसणे आणि हात धरून बसणे यांत जो फरक, तोच.

एवढे झाले तरी जनुक चालू झालेले नसते. ५५ अक्षरांचा पट्टा मोकळा असतो, पण जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या जागेवर एक न्यूक्लिओसोम ठाण मांडून बसलेला असतो, म्हणजे डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला असतो. आधी हिस्टोनवर अॅसिटिलच्या खुणा उमटतात, मग स्विच-स्निफ नावाचे यंत्र येऊन तो गोळा सैल करते, आणि वाचनाच्या जागी बसणारे टीबीपी प्रथिन डीएनएला वाकवते तेव्हा गोळा ३६ अक्षरे पुढे सरकतो. २००१ मध्ये लोमवारदास आणि थॅनॉस यांनी हे दाखवले. फक्त ३६ अक्षरे, पण तेवढ्याने सुरुवातीची जागा मोकळी होते आणि पॉलिमरेज तिथे बसतो.

आता प्रत्यक्ष प्लेटवर हे कसे दिसते ते सांगते, कारण पुस्तकातल्या आकृतीवरून वाटते की प्रत्येक पेशीत हे घड्याळासारखे चालते. माणसाच्या फुप्फुसातून आलेल्या ए-५४९ पेशींना सेंडाई विषाणू दिला, सहा-आठ तासांनी आयआरएफ-३ ला हिरवा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बऱ्याच पेशींत हिरवा पसारा पेशीद्रवातून केंद्रकात गोळा झालेला दिसतो. निळ्या रंगवलेल्या केंद्रकावर हिरवा, मधोमध भरलेला ठिपका. त्याच प्लेटमध्ये इंटरफेरॉन-बीटाचा आरएनए लाल रंगाने शोधला की लाल होणाऱ्या पेशी त्याहून किती तरी कमी. एखादी पेशी झगझगीत लाल आणि तिला खेटून बसलेली, तितकाच विषाणू असलेली, पूर्ण काळी. जमाव जमणे हा थोडा नशिबाचा भाग आहे. सगळे हजर असावे लागतात, जनुकाच्या एका प्रतीपाशी एकाच वेळी जमावे लागतात, आणि आत शिरलेला विषाणूही प्रत्येक पेशीत सारखा नसतो. प्रयोगशाळेत सेंडाईचा ‘कँटेल’ वाण इंटरफेरॉन भरपूर उठवतो, कारण त्यात अर्धवट तुटलेले आणि स्वतःवरच दुमडलेले जीनोम जास्त असतात, आणि रिग-आयला त्यांची टोके आयती सापडतात. फिनलंडच्या कारी कँटेल यांनी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून औषधासाठी इंटरफेरॉन बनवला तो याच विषाणूने.

तर मोजक्याच पेशींत जनुक पेटते. मग बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठीच इंटरफेरॉन हे बाहेर सोडायचे प्रथिन आहे. १९५७ मध्ये लंडनजवळ मिल हिल इथे अॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेने मारलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूत भिजवले. नंतर विषाणू धुऊन टाकला, तुकडे ताज्या द्रवात ठेवले, आणि तो द्रव नव्या पडद्यावर घातला. त्या नव्या पडद्यात जिवंत विषाणू नीट वाढेना. द्रवात काहीतरी होते. त्यांनी त्याला इंटरफेरॉन म्हटले, काही टीकाकारांनी ‘मिसइंटरप्रेटॉन’ म्हणून टिंगल केली. त्याच वर्षी इकडे कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरत होती, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक, म्हणजे आजच्या विषाणूविज्ञान संस्थेचे पूर्वसुरी, तिथे एका नव्या विषाणूच्या मागावर होते. संबंध काही नाही, पण हा योगायोग मला आवडतो.

ऐकणाऱ्या पेशीत काय घडते ते शोधण्याची रीत बघण्यासारखी आहे. लंडनमध्ये इअन कर आणि जॉर्ज स्टार्क यांच्या गटांनी इंटरफेरॉन ऐकू न येणाऱ्या, म्हणजे बहिऱ्या पेशी निवडून काढल्या, आणि प्रत्येकीत काय हरवले आहे ते एकेक भरून पाहिले. न्यूयॉर्कमध्ये जेम्स डार्नेल यांच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, जनुकावर बसणारी प्रथिने शुद्ध करून. दोन बोगदे मध्यावर भेटले. इंटरफेरॉन पेशीबाहेरच्या ग्राहकाला (त्याला पकडणाऱ्या रिसेप्टर प्रथिनाला) लागला की त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले टिक-२ आणि जॅक-१ हे कायनेज पेटतात. जॅक हे नाव ‘जस्ट अनदर कायनेज’ या वैतागातून आले असे सांगतात. ते स्टॅट-१ आणि स्टॅट-२ यांच्यावर फॉस्फेट लावतात, त्या जोडीला आयआरएफ-९ मिळतो, आणि हे त्रिकूट केंद्रकात जाऊन शेकडो जनुके चालू करते. पहिल्या टप्प्याला तास लागतात. इथे मात्र अर्ध्या तासाच्या आत स्टॅटवर फॉस्फेट दिसतो.

त्या शेकडो जनुकांत आयआरएफ-७ असतो, तो पुढच्या फेरीत इंटरफेरॉनचे उत्पादन वाढवतो. रिग-आय स्वतःही असतो, म्हणजे कान आणखी टवकारले जातात. आयएफआयटीएम-३ विषाणूला पिशवीतून बाहेर पडू देत नाही. एमएक्स हे प्रथिन तर लिंडेनमान यांना १९६० च्या दशकात सापडलेल्या, इन्फ्लुएंझाला दाद न देणाऱ्या उंदरांच्या जातीतून पुढे आले. मला सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखे वाटतात ते पीकेआर आणि ओएएस. इंटरफेरॉन ऐकलेल्या पेशीत ही दोन्ही भरपूर साठवली जातात, पण कामाला लागत नाहीत. दुपदरी आरएनए प्रत्यक्ष आत शिरला तरच पीकेआर प्रथिन बनवणे थांबवतो, आणि ओएएस आरएनेज-एलला जागे करतो, मग तो आपला-परका न बघता आरएनए कापत सुटतो. इथेही तेच पाहा: एका निरोपाने शस्त्र घडते, ते उगारायला दुसरा पुरावा लागतो.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे ज्यांनी हिपॅटायटिस सीसाठी कधीकाळी इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतली त्यांना विचारा. इंजेक्शनच्या रात्री थंडी, ताप, अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे. आत विषाणूची नवी लागण झालेली नसते, तरी फ्लू झाल्यासारखे. विषाणूजन्य तापात आपण ज्याला ‘व्हायरल’ म्हणतो त्यातला बराचसा त्रास या हाकाटीचाच असतो. हाकाटी जन्मभर चालू राहिली तर काय होते तेही पाहायला मिळते. एकार्दी-गुतिए सिंड्रोममध्ये पेशीतला स्वतःचाच डीएनए किंवा आरएनए वेळेवर साफ होत नाही, किंवा ओळखणारे प्रथिनच हळवे झालेले असते. तान्ह्या बाळाच्या मेंदूत जन्मजात संसर्ग झाल्यासारखी हानी दिसते, पण विषाणू सापडत नाही.

उलट बाजूही आहे. २०२० मध्ये जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने जीवघेणा कोविड झालेल्या ९८७ जणांचे रक्त तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी स्वतःची प्रतिपिंडे निघाली, आणि त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते. त्यांच्या पेशींत जनुक कदाचित व्यवस्थित चालू झाले असेल, पण हाक वाटेतच दाबली गेली. यावरून इंटरफेरॉन टोचला की झाले असे मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत, ज्यात भारतही होता, रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन-बीटा देऊन फायदा दिसला नाही. गावात चोर शिरून घर धुऊन गेल्यावर दवंडी पिटून काय उपयोग?

विषाणूंना ही सगळी वायरिंग पाठ आहे, ती लाखो वर्षे तेही वाचत आले आहेत. हिपॅटायटिस सीचा प्रोटिएज मॅव्ह्सला मायटोकाँड्रियावरून कापून टाकतो. चिकुनगुनियाचे एनएसपी-२ तर बारकाव्यात शिरतच नाही. ते पॉलिमरेजचा मुख्य भागच नष्ट करते, मग कोणतेच जनुक वाचले जात नाही. कोरोनाविषाणूचे ओआरएफ-६ स्टॅटला केंद्रकाच्या दारात अडवते. डेंगीचे एनएस-५ माणसाच्या स्टॅट-२ ला नष्ट करायला लावते, पण उंदराच्या स्टॅट-२ पुढे त्याचे काही चालत नाही. त्यामुळेच साध्या उंदराला डेंगी नीट होत नाही, आणि डेंगीवर काम करणाऱ्यांना इंटरफेरॉनचा ग्राहक काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. ‘उंदरात औषध चालले’ अशी डेंगीची बातमी वाचलीत तर आधी तो उंदीर कोणता ते बघा.

आता तुमच्या प्रकल्पाचे. वेळ कमी असेल हे गृहीत धरून सांगते.

पेशी बदला. ए-५४९ चांगल्या. माणसाच्या मूत्रपिंडातून आलेल्या एचईके-२९३-टी सगळ्यांकडे असतात, पण त्यांत सी-गॅस आणि स्टिंग जवळपास नसतात, त्यामुळे डीएनएचा प्रयोग तिथे करू नका. पॉली आय-सी लिपिडात गुंडाळूनच द्या, आणि नुसत्या लिपिडाचा कंट्रोल विसरू नका. इंटरफेरॉन-बीटासाठी सहा तास ठीक आहेत. चोवीस तासांपर्यंत त्याचा आरएनए बराच ओसरलेला असतो, तो मुळातच अल्पायुषी. चोवीस तासांना आयएफआयटी-१ किंवा आयएसजी-१५ ही इंटरफेरॉन ऐकल्यावर चालू होणारी जनुके मोजा.

आणि एक गोष्ट कृपा करून करा, यात मी अनेक प्रबंध अडकलेले पाहिले आहेत. इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकात एकही इंट्रॉन, म्हणजे आरएनएतून कापून टाकला जाणारा मधला तुकडा, नाही. इतर जनुकांसाठी आपण इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवून जीनोमिक डीएनए टाळतो, ती युक्ती इथे चालत नाही. आरएनएत किंचितही डीएनए राहिला तर पीसीआर त्यालाच वाढवते आणि न डिवचलेल्या पेशींतही ‘इंटरफेरॉन’ दिसतो. डीएनेज (डीएनए तोडणारे एन्झाइम) नीट लावा, आणि प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे एन्झाइम) न घातलेली नळी सोबत चालवा. तिच्यात सिग्नल आला तर बाकीचे आकडे फेकून द्या. तुम्हाला व्हेरोत स्वच्छ शून्य मिळाले, याचा अर्थ जनुकच नसल्याने असा खोटा सिग्नलही येऊ शकत नव्हता. तेव्हा त्या शून्यावरून तुमचे डीएनेजचे काम चांगले आहे असे मात्र समजू नका.

व्हेरोचा फ्लास्क फेकू नका. या पेशी बोलत नसल्या तरी त्यांना ऐकू उत्तम येते. त्यांचा ग्राहक, जॅक, स्टॅट सगळे शाबूत आहे आणि माणसाचा इंटरफेरॉन त्यांना समजतो. ए-५४९ वरचा चोवीस तासांचा मीडिया घ्या, त्याची दुपटी-दुपटीने पातळ केलेली रांग व्हेरोवर घाला, एक दिवस ठेवा, आणि मग हिरवा प्रकाश देणारा राणीखेतचा विषाणू द्या. कोंबड्यांची मानमोडी करणारा हा विषाणू आपल्या व्ही प्रथिनाने कोंबडीचा इंटरफेरॉन दाबतो, माणसाच्या किंवा माकडाच्या पेशींत मात्र ते प्रथिन दुबळे पडते. तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या, आणि पोल्ट्रीच्या आसपास राहणाऱ्या कोणाला त्या खोलीत पाठवू नका. मीडियात पॉली आय-सी उरले असेल म्हणून एक नळी इंटरफेरॉन निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडासोबतही ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लेट प्रकाशाखाली धरलीत की डावीकडच्या खणांत अंधार, मधे तुरळक हिरवे ठिपके आणि उजवीकडे गच्च हिरवे दिसेल. कोणत्या खणात निम्मे हिरवे झाले ते मोजा. तो आकडा म्हणजे तुमच्या ए-५४९ पेशींनी किती मोठ्याने हाक मारली याचे माप, आणि ते घेणारी पेशी तीच, जिच्यावर तुम्ही इतके दिवस वैतागला होतात.